मोटारसायकलच्या टाकीत काय भरावे?

पंपावर गाडी लावली की पहिला प्रश्न येतो, "साधं की प्रीमियम?" मागे रांग असते, नोझल तयार असते आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. नवीन गाडीचे लाड म्हणून कुणी महागडे पेट्रोल घालतो. रविवारी घाट चढायचा आहे म्हणून कुणी ९५चा आकडा पाहून टाकी फुल्ल करतो. इथेनॉलच्या धास्तीने कुणी थेट शंभर ऑक्टेनचा पंप शोधत फिरतो. या प्रश्नाचे नेमके उत्तर मात्र गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही.

महाराष्ट्रात मोटारसायकल ही दूध घालणाऱ्याची, शेतावर जाणाऱ्याची, शिकवणीला जाणाऱ्या पोरांची आणि दारोदार पार्सल पोचवणाऱ्याची गाडी आहे. या घरांच्या महिन्याच्या हिशेबात पेट्रोल ही मोठी रक्कम असते. म्हणून लिटरमागे आठ-दहा रुपये जास्त मोजताना आपण नेमके काय विकत घेतो, हे प्रत्येकाला कळायला हवे.

आकडा कशाचा?

पेट्रोलवर लिहिलेला ९१, ९५ किंवा १०० हा आकडा ऑक्टेनचा. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद, हा समज सगळीकडे पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. एका लिटरमध्ये किती ऊर्जा आहे याच्याशी ऑक्टेनचा थेट संबंध नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी ते पेट्रोल किती वेळ स्वतःहून पेटणार नाही, याचे ते माप आहे.

इंजिनात काय घडते ते पाहू. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबतो. दाबल्यामुळे ते तापते. पिस्टन टोकाला पोहोचायच्या थोडे आधी प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाला प्लगपासून कडेकडे पसरत जाते. सगळे ठीक असले तर मिश्रण क्रमाने जळते आणि पिस्टन खाली रेटला जातो. पण ज्वाला पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा उसळतात आणि धातूवर आदळतात. बाहेर ऐकू येते ती टकटक, गॅरेजच्या भाषेत नॉकिंग. ते थोडेसे आणि क्वचित झाले तर फारसे बिघडत नाही. रोजच होत राहिले तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगा बसण्याच्या खाचा तुटतात आणि शेवटी काम बोअरपर्यंत जाते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या टकटकीने अभियंत्यांना हैराण केले होते. इंजिनाची ताकद वाढवायची तर मिश्रण अधिक दाबावे लागे, आणि अधिक दाबले की नॉकिंग सुरू होई. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी हवा तसा दाब बदलता येईल असे प्रायोगिक इंजिन बांधून वेगवेगळ्या इंधनांची सहनशक्ती तपासली. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी मोजपट्टीची दोन टोके ठरवली. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य दाब उत्तम सहन करते म्हणून त्याला १०० दिले. एन-हेप्टेन चटकन पेटते म्हणून त्याला ०. हे शुद्ध हेप्टेन सुरुवातीला कॅलिफोर्नियाकडच्या जेफ्री पाइन या झाडाच्या डिंकातून मिळवत असत. चाचणीच्या इंजिनात एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा ऑक्टेन ९१.

भारतात आणि युरोपात पंपावर दिसणारा आकडा या चाचणीच्या एका पद्धतीचा असतो, त्याला रिसर्च ऑक्टेन म्हणतात. अमेरिकेत दोन पद्धतींच्या निकालांची सरासरी लिहितात. त्यामुळे न्यू जर्सीला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकाला पंपावर ८७ दिसले, तर ते आपल्याकडच्या साधारण ९१-९२च्या बरोबरीचे असते.

शिसे गेले, इथेनॉल आले

पेट्रोलची सहनशक्ती वाढवण्यासाठी त्यात काहीतरी मिसळावे लागते. जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या थॉमस मिजली यांना १९२१च्या डिसेंबरात टेट्राएथिल लेड सापडले. शिशाचे हे संयुग चिमूटभर घातले तरी नॉकिंग थांबे. मद्यार्कानेही हेच साधते हे त्यांना ठाऊक होते, पण शिसे स्वस्त होते आणि त्याच्या पेटंटवर नफा होता. पुढची कित्येक दशके जगभरच्या शहरांनी, विशेषतः लहान मुलांनी, ते शिसे श्वासातून घेतले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

आता ऑक्टेन वाढवण्याचे काम शुद्धीकरण कारखान्यांतल्या प्रक्रिया करतात आणि मोठा वाटा इथेनॉलचा असतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ पेट्रोल आले, तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता आणि गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत जास्तीत जास्त १० भागांवर आले. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ पर्यंत पोहोचल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. काही वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी जादा पैसे मोजावे लागत, तो आता साध्या नळीतूनच येतो.

आपल्या इंजिनाला किती हवा?

कोणत्या इंजिनाला किती ऑक्टेन हवा, हे मुख्यतः त्याच्या कॉम्प्रेशन रेशोवर ठरते. पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे, तो हा रेशो. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा रेशो सातच्याही खाली होता, त्यामुळे ती कसलेही पेट्रोल पचवत असे. आजच्या क्लासिक ३५०चा ९.५ आहे. रोजच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या नऊ-दहाच्या आसपास असतात. डॉमिनार ४०० बारावर आहे, आणि केटीएम ३९० त्याच्याही पुढे.

दहाच्या आसपासच्या इंजिनाला ९१ ऑक्टेन पुरेसा असतो. बाराच्या इंजिनाला जास्त लागेल असे वाटते, आणि परदेशी बनावटीच्या अनेक मोठ्या गाड्यांच्या पुस्तिकेत ९५ लिहिलेले असतेही. पण भारतात बनणाऱ्या पुष्कळ गाड्या रेशो चढा असला तरी इथल्या साध्या पेट्रोलवर चालतील अशाच जुळवलेल्या असतात. ज्वलनकक्षाचा आकार, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि ठिणगीची वेळ यांतून ते साधते. म्हणून नुसता रेशो बघून अंदाज बांधू नये, पुस्तिका उघडून बघावी. तिथे ९१ लिहिले असेल तर ९१ घालावे. ९५ किंवा त्याहून जास्त लिहिले असेल, तर तेवढा ऑक्टेन मिळतो आहे याची पंपावर खात्री करावी, आणि गरज पडल्यास तिथे पैसे वाचवू नयेत.

गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन घातला तर गाडी जोरात पळत नाही. जास्त नंबराचा चष्मा लावल्याने जास्त दिसत नाही, तसेच हे आहे. डोळ्याला हवा तोच नंबर लागतो. नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ आपोआप पुढे-मागे करणारा सेन्सर काही महागड्या गाड्यांत असतो. त्या गाड्यांना जास्त ऑक्टेनचा थोडा लाभ होऊ शकतो. रोजच्या वापरातल्या छोट्या गाड्यांत तो सहसा नसतो. जादा सहनशक्तीचा उपयोग कसा करायचा, हे त्या इंजिनाला कळतच नाही.

पैशांचा हिशेबही करून पाहू. साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये धरू. साध्यावर लिटरला ६० किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या गाडीने प्रीमियमवर जवळजवळ ६५ दिले, तरच पैसे वसूल होतात. केवळ ऑक्टेनच्या जोरावर एवढा फरक पडत नाही. रोज एक लिटर जाळणाऱ्याचे यात महिन्याला २४० रुपये जातात. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल तर फारच महाग. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी मुंबई, पुण्यासह दहा शहरांत एक्सपी १०० आणले, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता; साध्याच्या जवळजवळ दुप्पट.

प्रीमियम या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे. एक म्हणजे वाढीव ऑक्टेन. दुसरी म्हणजे इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची काजळी काढणारी रसायने. या रसायनांचा उपयोग खरा आहे, पण तो हळूहळू होतो आणि नियमित सर्व्हिसिंग झालेल्या गाडीत फारसा जाणवत नाही.

चढावरची टकटक

गाडी घाटात टकटक करू लागली की पेट्रोल खराब म्हणून ठपका ठेवला जातो. बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. मागे माणूस, पुढे सामान, आंबा घाटाचा चढ आणि गाडी टॉप गिअरला. इंजिन मंद फिरते आहे आणि मूठ पूर्ण पिळलेली आहे. अशा वेळी मिश्रणाला दाबाखाली जास्त वेळ मिळतो आणि ते आपोआप पेटते. गिअर खाली टाकला की आवाज थांबतो. तरीही थांबला नाही तर ज्वलनकक्षात साठलेला कार्बन, चुकीच्या प्रकारचा प्लग, कमी झालेले ऑइल किंवा तापलेले इंजिन यांकडे बघावे. महाग पेट्रोलने आवाज दबेल, पण मूळ दोष तसाच राहील.

लेह-लडाखला निघालेले अनेक जण उंचीसाठी म्हणून जास्त ऑक्टेन शोधतात. तिथे उलट घडते. उंचीवर हवा विरळ असते, सिलिंडरमध्ये कमी हवा जाते, दाब कमी होतो आणि नॉकिंगची शक्यताही कमी होते. खारदुंगला चढताना गाडी दमते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे. त्यावर कोणत्याही ऑक्टेनचा इलाज नाही.

इथेनॉलचा प्रश्न

आज पेट्रोल निवडताना ऑक्टेनपेक्षा इथेनॉलकडे जास्त लक्ष द्यायला हवे. या कथेची सुरुवात महाराष्ट्राच्या मातीतच झाली. २००१ मध्ये इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचे जे तीन प्रायोगिक प्रकल्प देशात सुरू झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाडला होते. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले. २०२२च्या जूनमध्ये देशाने १० टक्के गाठले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूमध्ये ई-२०ची, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण देशभर रुळले. यातले बरेच इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून, उसाच्या रसातून आणि मळीतून येते. अलीकडे मक्याचा वाटाही मोठा झाला आहे. आयात तेलावरचे अवलंबन कमी व्हावे आणि ऊस उत्पादकाला कारखान्याकडून पैसे वेळेवर मिळावेत, हा त्यामागचा हेतू आहे.

वाहनचालकाला त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हेही स्पष्ट सांगायला हवे. एका लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. त्यामुळे १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलो की लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींच्या इंधन-कार्यक्षमतेत ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. ६० देणाऱ्या गाडीत ती दोन किलोमीटरची होते. ॲव्हरेज निम्म्यावर आले, ही तक्रार इथेनॉलने समजावता येत नाही. तशा गाडीची चेन, ब्रेक, टायरमधली हवा आणि एअर फिल्टर आधी तपासावा.

दुसरा मुद्दा सुट्या भागांचा. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा कडक पडते, आणि काही धातूंना गंज लवकर धरतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत ई-२० सहन करणारे भाग आहेत, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही ई-२०साठी जुळवलेली आहेत. त्याआधीची गाडी असेल तर दर सर्व्हिसिंगला पेट्रोलचा पाइप, टाकीच्या कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग आणि डायफ्रॅम बघायला सांगावेत. हे भाग स्वस्त असतात. ते वेळेवर बदलले की मोठा खर्च टळतो आणि पाइप चिरून पेट्रोल गळण्याचा धोकाही राहत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. शुद्ध पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२०ला साडेतेरा पटीच्या आसपास पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असला की तो ही जुळवाजुळव स्वतः करतो. कार्ब्युरेटरचा जेट ठरावीक मापाचा, त्यामुळे त्याच्या लेखी मिश्रणात पेट्रोल कमी पडते. गाडी सकाळी उशिरा सुरू होणे, मूठ पिळताच अडखळणे, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापणे ही त्याची लक्षणे. चांगला मिस्त्री स्क्रू आणि जेट बघून ते सावरू शकतो. आरएक्स १०० किंवा जुनी येझदी जिवापाड जपणाऱ्यांनी हे काम आवर्जून करून घ्यावे. शंभर ऑक्टेनचे काही पेट्रोल इथेनॉलविरहित असते. क्वचित चालणाऱ्या, ठेवणीतल्या गाडीसाठी ते घ्यायचे असेल, तर त्यात इथेनॉल नाही ना, याची पंपावर विचारून खात्री करावी.

उभी गाडी आणि पावसाळा

इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते आणि इंजिनातून निघूनही जाते. मर्यादेपेक्षा जास्त झाले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी तळाजवळूनच उचलते. दोन-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर धोका जास्त, कारण त्या खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसते आणि पिस्टन कोरडाच घासला जातो.

रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवड्याभरात संपते, तिथे काळजीचे कारण नाही. प्रश्न उभ्या गाडीचा आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत चाकरमान्याची गाडी गणपतीला चालते आणि मग थेट शिमग्यापर्यंत पडवीत उभी असते. त्या सहा महिन्यांत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट गोंद होतो आणि जेट बुजतात. कार्ब्युरेटरची गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करावा. टाकी पत्र्याची असेल तर ती भरून ठेवावी, म्हणजे आत हवा कमी राहते आणि गंज धरत नाही. परतल्यावर पेट्रोलला आंबूस, व्हार्निशसारखा वास येत असेल तर ते काढून ताजे भरावे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर तपासावे आणि झाकणाभोवतीची पाणी जाण्याची बारीक नळी बुजलेली नाही ना ते पाहावे.

पंपावरचे हक्क

चांगले पेट्रोल निवडणे म्हणजे चांगला पंप निवडणेही आहे. प्रत्येक पंपावर फिल्टर पेपर ठेवणे बंधनकारक आहे आणि तो मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. नोझलचे टोक पुसून एक थेंब कागदावर टाकावा. तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. घनताही विचारता येते. १५ अंश सेल्सियसला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मर्यादेत असावी लागते. माप कमी वाटले तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप पंपावर असते, त्यात मोजून मागावे. नव्या इंधनांबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. २०२४च्या मार्चपासून महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० मिळू लागले आहे. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि जास्त इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. स्वस्त दिसले तरी साध्या गाडीत ते कधीही घालू नये.

इंधनाचे पर्यायही वाढत आहेत. बजाजने जुलै २०२४ मध्ये पुण्यात फ्रीडम १२५ ही जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल आणली. तिच्यात दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल मावते. होंडा आणि सुझुकीच्या फ्लेक्स-फ्युएल गाड्याही बाजारात आल्या आहेत. पुढची गाडी घेताना किंमत आणि ॲव्हरेजसोबत आपल्या तालुक्यात ते इंधन रोज मिळते का, हा प्रश्न आधी विचारावा.

एक मागणी मात्र आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. पंपाच्या नोझलवर ऑक्टेन आणि इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहिलेले असावे, आणि गाडीच्या टाकीवर किमान किती ऑक्टेन व जास्तीत जास्त किती इथेनॉल चालेल, तेही तसेच लिहिलेले असावे. हे दोन आकडे समोरासमोर आले, की जुन्नरच्या भाजीवाल्याला आणि वाशीच्या डिलिव्हरी करणाऱ्या पोराला "साधं की प्रीमियम?" याचे उत्तर स्वतः देता येईल, आणि ते बहुतेक वेळा साधे हेच असेल. वाचलेल्या पैशांतून त्याने वेळेवर ऑइल बदलावे, फिल्टर साफ करावा, झिजलेला टायर बदलावा. गाडीचे आयुष्य आणि चालवणाऱ्याचा जीव यांची काळजी त्यातून जास्त घेतली जाते.